प्रोपेलरच्या प्रवासी विमानांच्या प्रमाणबद्ध कागदी प्रतिकृती : रचनेचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहासाच्या साधनांचे लिखित, भौतिक आणि मौखिक असे स्थूल वर्गीकरण केले जाते. या वर्गीकरणात प्रतिकृतींना फारसे स्थान मिळालेले नाही. कागदाची प्रतिकृती तर खेळणे किंवा फावल्या वेळेचा छंद समजून बाजूला ठेवली जाते. परंतु ज्या वस्तू आकाराने प्रचंड, जतन करण्यास खर्चिक आणि काळाच्या ओघात भंगारात गेलेल्या असतात, त्यांच्या अभ्यासासाठी प्रतिकृतीचा विचार करणे आवश्यक ठरते. १९३० ते १९६० या काळातील प्रोपेलरवर चालणारी प्रवासी विमाने ही अशाच वस्तूंपैकी होत. जेट विमाने आल्यानंतर अल्पावधीतच त्यांपैकी बहुसंख्य विमाने मोडीत निघाली.

या विमानांची कागदी प्रतिकृती रचणाऱ्याला सपाट कागदावर असे तुकडे आखावे लागतात की, ते कापून, वळवून व चिकटवल्यानंतर मूळ विमानाचा आकार ठराविक प्रमाणात उभा राहावा. हे काम करताना त्याला मूळ विमान कसे बांधले गेले, याचा शोध घ्यावाच लागतो. कागदापुढील अडचण आणि विमान कारखान्यातील धातूच्या पत्र्यापुढील अडचण या मुळात एकाच भूमितीतून निर्माण होतात. म्हणूनच कागदी प्रतिकृतीची रचना हा विमानबांधणीचा इतिहास वाचण्याचा एक मार्ग आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात करण्यात आले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) कागदी प्रतिकृतींच्या परंपरेचा संक्षिप्त आढावा घेणे.
२) कागदाच्या भूमितीचे नियम व त्यांचा विमानाच्या आकाराशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) युंकर्स ५२, डग्लस डीसी-४ आणि लॉकहीड कॉन्स्टेलेशन या तीन विमानांच्या रचनेची या दृष्टीने तुलना करणे.
४) एअर इंडिया इंटरनॅशनलच्या 'मलबार प्रिन्सेस' या विमानाच्या आधारे प्रतिकृतीच्या रचनेतील पुराव्याचा प्रश्न तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. विमानांची ज्ञात मोजमापे व बांधणीची वैशिष्ट्ये विचारात घेऊन ती कागदात उतरवताना कोणते प्रश्न उद्भवतात, याचे विवेचन केले आहे.

कागदी प्रतिकृतींची परंपरा :

घनाकृती सपाट कागदावर उलगडून दाखविण्याची कल्पना युरोपात प्रबोधनकाळापासून आढळते. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीविषयक ग्रंथात बहुपृष्ठकांचे असे उलगडे दिले आहेत. पुढे छपाई स्वस्त झाल्यावर कापून चिकटवावयाच्या चित्रपत्रकांचा व्यवसाय वाढला. फ्रान्समधील एपिनाल येथील पेलेरँ यांचा छापखाना आणि जर्मनीतील एस्लिंगेन येथे १८३१ मध्ये स्थापन झालेली श्रायबर ही प्रकाशनसंस्था यांची नावे या संदर्भात महत्त्वाची आहेत. किल्ले, चर्च, जहाजे आणि नंतर विमाने हे त्यांचे विषय होत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या छंदाला वेगळी चालना मिळाली. धातू आणि बाल्सा लाकूड युद्धोपयोगी कामासाठी लागत असल्याने प्रतिकृती बनविणाऱ्यांच्या हाती कागदच उरला. इंग्लंडमध्ये जेफ्री हेवे यांच्या 'मायक्रोमॉडेल्स' या मालिकेतील टपालकार्डाच्या आकाराची पत्रके याच काळात लोकप्रिय झाली. अमेरिकेत वॉलिस रिग्बी यांनी रचलेले कागदी विमानांचे संच न्याहारीच्या धान्याच्या विक्रीयोजनेतून मुलांपर्यंत पोहोचले. युद्धोत्तर पोलंडमध्ये १९५७ मध्ये 'माऊी मोडेलाश', म्हणजे 'छोटा प्रतिकृतीकार', हे नियतकालिक सुरू झाले. १ : ३३ हे प्रमाण पोलंडच्या विमान-प्रतिकृतींमध्ये रूढ आहे.

या आढाव्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. टंचाईच्या काळात आणि बेताचे उत्पन्न असलेल्या घरांत ही कला रुजली. कात्री, गोंद आणि छापील पत्रक एवढ्याच साधनांवर ती चालत असल्याने यंत्रयुगातील सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक असलेले विमान सामान्य मुलाच्या हाती येऊ शकले.

कागदाची भूमिती :

कागद एका वेळी एकाच दिशेने वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो. पण गोल होत नाही. मोसंबीची साल टेबलावर सपाट पसरू गेल्यास ती फाटते, तर सपाट कागद चेंडूवर बसवू गेल्यास त्याला चुण्या पडतात. या अनुभवामागील तत्त्व गणितज्ञांनी टप्प्याटप्प्याने उलगडले. ऑयलर याने १७७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सपाट उलगडता येणाऱ्या पृष्ठभागांचा विचार मांडला. फ्रान्समध्ये गास्पार माँझ याने वर्णनात्मक भूमितीची पद्धत विकसित केली. तटबंदीच्या आखणीत तिचा उपयोग होत असल्याने ती काही काळ लष्करी गुपित म्हणून राखली गेली होती. गाउस याने १८२७ मध्ये सिद्ध केले की, पृष्ठभाग न ताणता कितीही वाकवला तरी त्याची अंगभूत वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची अशी वक्रता शून्य असते व गोलाची नसते. म्हणून कागदाचा गोल होणे अशक्य आहे.

महाराष्ट्रातील कारागिरीत या दोन्ही प्रकारांची उदाहरणे सापडतात. पत्र्याचे काम करणारा कारागीर सपाट पत्रा कापून, वळवून नरसाळे तयार करतो. तेथे पत्रा ताणावा लागत नाही. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर मात्र ठोके देऊन तांब्याला फुगवटा आणतो. ठोक्यागणिक धातू ताणला जातो, म्हणूनच हंड्याला दोन्ही दिशांनी गोलाई येते. कागदी प्रतिकृतीच्या रचनाकाराला तांबटाचा मार्ग बंद असतो. त्याला नरसाळ्याच्याच मार्गाने जावे लागते.

त्यामुळे विमानाच्या धडाचे आडवे छेद घेऊन दोन छेदांमधील भाग हा शिरोभाग कापलेला शंकू मानला जातो. समजा, एका छेदाची त्रिज्या १८ मिमी, पुढील छेदाची १५ मिमी आणि त्यांमधील अंतर २० मिमी आहे. अशा तुकड्याची तिरकी उंची सुमारे २०.२ मिमी येते. तो कागदावर उलगडला असता बाहेरील कडेची त्रिज्या सुमारे १२१ मिमी, आतील कडेची सुमारे १०१ मिमी आणि कोन सुमारे ५३ अंश असलेली कमानदार पट्टी मिळते. अशा पट्ट्या एकामागून एक जोडल्या की धड तयार होते.

येथे रचनाकाराला तडजोड करावी लागते. तुकड्यांची संख्या दुप्पट केल्यास मूळ वक्ररेषेपासूनचे अंतर साधारण चौथाई होते, परंतु जोडही दुप्पट होतात; आणि प्रत्येक जोड ही चूक होण्याची जागा असते. कागदाची जाडीही दुर्लक्षून चालत नाही. ०.२ मिमी जाडीच्या कागदाची नळी केली, तर बाहेरील व आतील परिघांत सुमारे १.२६ मिमी फरक पडतो. आतील आधाराच्या चकत्या या हिशेबाने लहान न कापल्यास सांधा उघडा राहतो. शिवाय १ : १०० या प्रमाणात हीच ०.२ मिमी जाडी प्रत्यक्षातील २ सेंमी ठरते, तर अशा विमानांचा पत्रा साधारणतः १ मिमीच्या आसपास असे. म्हणजे कागद हा प्रमाणापेक्षा कितीतरी जाड पत्रा आहे. म्हणूनच पंखाची मागील धार आणि प्रोपेलरची पाती कागदात नेहमी जाड दिसतात.

तीन विमाने : पेटी, नळी आणि मासा :

वरील नियम लक्षात घेऊन तीन विमानांची तुलना केली असता विमानबांधणीतील स्थित्यंतर स्पष्ट होते.

पहिले विमान म्हणजे जर्मनीचे युंकर्स ५२. तीन इंजिनांच्या स्वरूपात ते १९३२ मध्ये प्रथम उडाले. त्याचे धड पेटीसारखे, सपाट बाजूंचे असून त्यावर पन्हळी पत्रा होता. पन्हळींमुळे पातळ पत्र्याला ताठपणा येत असे. कागदात हे धड उतरविणे तुलनेने सोपे आहे, कारण सपाट बाजूंना घड्या घालून ते उभे राहते. अडचण पन्हळींची येते. त्या प्रत्यक्ष वळवणे लहान प्रमाणात शक्य नसल्याने छपाईतील बारीक समांतर रेषांनी सूचित केल्या जातात. म्हणजे येथे आकार कागद देतो आणि पोत शाई देते.

दुसरे विमान अमेरिकेचे डग्लस डीसी-४. त्याचे प्रथम उड्डाण १४ फेब्रुवारी १९४२ रोजी झाले. त्याच्या धडाचा बराच मोठा मधला भाग एकाच व्यासाच्या नळीसारखा होता. नळीचा उलगडा साधा आयत असतो. रचनाकाराला ही सोय वाटते. कारखान्याला तर ती त्याहून मोठी सोय होती. एकाच मापाच्या कड्या आणि एकाच वळणाचे पत्रे वारंवार वापरता येत. शिवाय नळीत भर घालून विमान लांबविणे शक्य झाले. डीसी-४ ची लांबी सुमारे २८.६ मीटर होती. १९४६ मध्ये उडालेले डीसी-६ सुमारे ३०.७ मीटर, तर डीसी-७सी सुमारे ३४.२ मीटर लांबीचे झाले. कागदावर हा वंशविस्तार फार स्पष्ट दिसतो : आयताची लांबी वाढते, खिडक्यांची ओळ लांबते, पण नळीचा व्यास तोच राहतो.

तिसरे विमान लॉकहीड कॉन्स्टेलेशन. ९ जानेवारी १९४३ रोजी ते प्रथम उडाले. त्याचे धड माशासारखे होते. नाकाकडील भाग खाली झुकलेला असल्याने पुढील चाकाचा दांडा आखूड ठेवता आला, तर मागील भाग वर उचललेला होता. एका उंच शेपटीऐवजी तीन लहान उभे पंख दिल्याने विमानाची उंची कमी राहून ते उपलब्ध हँगरमध्ये मावू शकले. धडाचे छेद गोल असले, तरी त्यांचा व्यास सतत बदलत असे आणि त्यांची केंद्रेही एका सरळ रेषेत नव्हती. कागदात याचा अर्थ असा की, जवळजवळ प्रत्येक तुकडा वेगळा आणि तिरक्या शंकूचा असतो. त्याचा उलगडा नियमित कमानीचा होत नाही. पृष्ठभागाचे अरुंद त्रिकोण पाडून ते एकेक करून मांडावे लागतात.

हीच गोष्ट कारखान्यातही घडत होती. बदलत्या व्यासामुळे कड्या वेगवेगळ्या मापांच्या घडवाव्या लागत आणि बांधणीचा खर्च वाढे. पुढे लॉकहीडने सुपर कॉन्स्टेलेशन तयार केले, तेव्हा पंखाच्या पुढे व मागे नळीसारखे भाग घालून त्याची लांबी सुमारे ५.६ मीटरने वाढविली. म्हणजे माशाच्या पोटात अखेर नळी शिरली. दोन्ही विमानांचे कागदी उलगडे शेजारी ठेवले असता हा बदल शब्दांशिवाय समजतो. जुन्या विमानाच्या वाकड्या पट्ट्यांच्या रांगेत सुपर कॉन्स्टेलेशनमध्ये सरळ आयत आलेले दिसतात. सौंदर्याने उत्पादनाच्या अर्थशास्त्राशी केलेली ही तडजोड होती. पुढील काळातील बहुतेक मोठ्या प्रवासी विमानांनी नळीचाच स्वीकार केला.

आखणीच्या तंत्राचा इतिहासही येथे विचारात घ्यावा लागतो. जहाजबांधणीत माळ्यावरील विस्तीर्ण जमिनीवर जहाजाच्या वक्ररेषा पूर्ण आकारात आखण्याची प्रथा होती. विमान कारखान्यांनी ही पद्धत उचलली व तिचे 'लॉफ्टिंग' हे नावही कायम ठेवले. नॉर्थ अमेरिकन कंपनीतील रॉय लिमिंग यांनी शांकव वक्रांच्या समीकरणांनी विमानाचा आकार निश्चित करण्याची पद्धत विकसित करून १९४४ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कागदी प्रतिकृतीचा रचनाकार पट्टी, कंपास व लवचिक पट्टीने हेच काम टेबलावर करीत असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जपानच्या तामा सॉफ्टवेअर कंपनीच्या 'पेपाकुरा डिझायनर'सारख्या प्रणालींमुळे त्रिमितीय आकार संगणकावर उलगडणे सुलभ झाले. तथापि, सांधा कोठे घ्यावा आणि कोणता तुकडा आधी चिकटवावा, हे हातानेच ठरते. संगणक आकार उलगडतो. तो आकार खरा की खोटा, हे सांगत नाही.

पुराव्याचा प्रश्न : 'मलबार प्रिन्सेस' :

आकाराच्या खरेपणाचा हा प्रश्न भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासातील एका विमानाच्या आधारे तपासता येतो. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे कॉन्स्टेलेशन ७४९ जातीचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ३५ प्रवाशांसह मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे निघाले. कंपनीच्या आंतरराष्ट्रीय सेवेचा हा आरंभ होता. व्हीटी-सीक्यूपी ही त्याची नोंदणी-अक्षरे होती. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच विमान जिनिव्हाकडे जात असताना आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्यातील ४० प्रवासी व ८ कर्मचारी असे सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले.

म्हणजे आंतरराष्ट्रीय सेवेच्या आरंभानंतर अडीच वर्षांच्या आतच हे विमान नष्ट झाले आणि आज ते मोजण्यासाठी उपलब्ध नाही. त्याची प्रतिकृती रचणाऱ्याला अन्य साधनांवर विसंबावे लागते. आणि ही साधने सहज फसवू शकतात. सुपर कॉन्स्टेलेशनची छायाचित्रे पाहून रचना केल्यास धड लांब होते व खिडक्या चौकोनी होतात. ७४९ च्या खिडक्या गोल होत्या. सुपर कॉन्स्टेलेशनच्या काही विमानांना पंखांच्या टोकांशी इंधनटाक्या होत्या. त्या येथे चालणार नाहीत. अनेक कॉन्स्टेलेशनांना १९५० च्या दशकाच्या मध्यात हवामान-रडार बसविल्यामुळे लांब नाक आले. १९५० मध्येच नष्ट झालेल्या विमानाला असे नाक देणे हा कालविपर्यास होय. रंगाबाबतही काळजी घ्यावी लागते, कारण कृष्णधवल छायाचित्रात लाल आणि निळा हे रंग जवळपास एकाच करड्या छटेचे दिसू शकतात. केवळ अशा छायाचित्रावरून लाल रंगाची नेमकी छटा ठरविता येत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे सर्व प्रश्न परिचित आहेत. समकालीन साधन कोणते, उत्तरकालीन कोणते, दोन साधनांत विरोध असल्यास कोणते ग्राह्य धरावे, हाच साधनचिकित्सेचा गाभा आहे. लेखकाला मात्र 'बहुधा' हा शब्द वापरण्याची मुभा असते. कागद कापणाऱ्याला ती नसते. खिडकी एकतर गोल छापावी लागते किंवा चौकोनी. त्यामुळे वर्णनात झाकून जाणारे अज्ञान प्रतिकृतीत उघडे पडते. याच कारणास्तव कोणता भाग पुराव्यावर आधारलेला आहे आणि कोणता अनुमानाने भरला आहे, याची नोंद पत्रकावर देणे ही रचनाकाराची जबाबदारी ठरते. एरवी त्याचे अनुमान पुढील अभ्यासकाच्या हाती पुरावा म्हणून जाण्याचा धोका असतो. ज्या विमानाशी ४८ माणसांचा मृत्यू निगडित आहे, त्याच्याबाबत तर ही जबाबदारी अधिकच वाढते.

कागदी प्रतिकृतीच्या मर्यादा व जतन :

प्रतिकृती बाह्य आकार दाखविते. इंजिनांचा आवाज, केबिनमधील हवेचा दाब किंवा देखभालीचा खर्च ती सांगू शकत नाही. शंकूंच्या तुकड्यांमुळे धडावर कंगोरे उरतात, हेही मान्य करावे लागते. याशिवाय जतनाचा प्रश्न गंभीर आहे. पत्रक कापले की प्रतिकृती तयार होते, पण दस्तऐवज नष्ट होतो. तयार प्रतिकृती दमट हवेत, धुळीत व कसरीमुळे फार काळ टिकत नाही. त्यामुळे जुन्या काळातील जी पत्रके कोणी कापली नाहीत, तीच मुख्यतः अभ्यासासाठी उरली. ज्या वस्तूचा उपयोग झाला ती गेली व जिचा उपयोग झाला नाही ती उरली, असा हा विरोधाभास आहे. ग्रंथालये व संग्रहालये यांनी अशी पत्रके किरकोळ छपाई न मानता तांत्रिक आरेखने म्हणून नोंदविल्यास हे साधन टिकू शकेल.

निष्कर्ष :

१) कागद व धातूचा पत्रा या दोहोंना दुहेरी वक्रता अवघड जाते. धातू ताणून ती साधता येते, मात्र त्यासाठी खर्च करावा लागतो. कागदात जो भाग अवघड, तो कारखान्यातही बहुधा खर्चिक होता.
२) युंकर्स ५२ ची पेटी, डीसी-४ ची नळी आणि कॉन्स्टेलेशनचा मासा यांच्या उलगड्यांवरून विमानबांधणीत साध्या व पुनरावृत्त आकाराला प्राधान्य कसे मिळत गेले, हे दिसून येते. सुपर कॉन्स्टेलेशन हा या प्रवासातील निर्णायक पुरावा आहे.
३) नष्ट झालेल्या विमानाची प्रतिकृती रचणे ही साधनचिकित्सेची प्रक्रिया आहे. तीत कालविपर्यास टाळणे व अनुमानाची नोंद ठेवणे अनिवार्य आहे.
४) न कापलेली छापील पत्रके ही तंत्रेतिहासाची साधने असून त्यांचे जतन होणे गरजेचे आहे.

महाविद्यालयीन पातळीवर भूमिती, इतिहास व तंत्रज्ञान हे विषय स्वतंत्रपणे शिकविले जातात. 'मलबार प्रिन्सेस'चे धड कागदात उभे करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या तिन्हींची एकाच वेळी गरज भासेल. १ : १०० या प्रमाणात या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ३७.५ सेंमी भरतो, म्हणजे ते वर्गातील एका बाकावर मावते. एवढ्या अल्प खर्चात आणि अल्प जागेत इतिहासाच्या साधनांची चिकित्सा प्रत्यक्ष हाताने करण्याची संधी देणारे माध्यम क्वचितच आढळते.